कवेलूंची साक्ष

बुधवार, ४ डिसेंबर २०२४. सकाळचे ७ वाजून २७ मिनिटे. मुलचेऱ्यात थंडी चांगली होती. ओसरीतल्या खाटेवर बसून मी चहा पीत होतो. आधी कपातला चहा बारीक थरथरला. रस्त्यावरून लाकडांचा ट्रक जात असेल असे वाटून मी मान वर केली, तर रस्ता रिकामा. दहा-पंधरा सेकंद गेले असतील, आणि खाट आडवी हलली. डोक्यावरची कवेलू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खडखडत गेली. मग सगळे थांबले. शेजारच्या घरातली मुले बाहेर धावली आणि कुठेतरी एक कुत्रे भुंकत राहिले.

आठच्या आत पुण्याहून एका जुन्या मित्राचा फोन आला. त्याचा पहिलाच प्रश्न होता, "अरे, तुमच्याकडे किती रिश्टरचा झाला?"

टीव्हीवर आकडा येऊन गेला होता. "पाच पूर्णांक तीन," मी सांगितले. फोन ठेवला आणि लक्षात आले की आपण चुकीचे उत्तर दिले. ५.३ हा आमचा आकडा नव्हताच. तो तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्याच्या जमिनीखाली, सुमारे ४० किलोमीटर खोल, खडक जिथे सरकला तिथला होता. ती जागा मुलचेऱ्यापासून सरळ रेषेत सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर आहे. मग आमचा आकडा कोणता? तो कोणी मोजला? मोजला नसेल तर कसा मोजायचा?

मी शास्त्रज्ञ नाही. बी.ए. झाल्यावर तालुक्याच्या गावी झेरॉक्स आणि स्टेशनरीचे दुकान चालवले, आणि इतिहास वाचण्याची खोड लागली ती सुटली नाही. त्या सकाळच्या प्रश्नामागे लागून वर्षभर जे वाचले, जे विचारत फिरलो, ते इथे मांडतो आहे.

ढोल एक, ऐकणारे अनेक

आमच्याकडे सणाला ढोल वाजतो. वाजवणाऱ्याने टिपरी किती जोरात हाणली ही एक गोष्ट, आणि कोणाला तो किती मोठ्याने ऐकू आला ही दुसरी. जवळ उभ्या असलेल्याच्या छातीत धडधडते, नदीपलीकडच्याला नुसता ठेका कळतो, डोंगराआड कोणाला काहीच कळत नाही. भूकंपाचेही तसेच आहे. खडक सरकताना जी ऊर्जा सुटते तिचा आकडा म्हणजे महत्ता. ती एका भूकंपाला एकच असते. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी जी मोजपट्टी केली ती या महत्तेची. पुढे तिच्या जागी अधिक चांगल्या पट्ट्या आल्या, पण नाव जिभेवर राहून गेले. या पट्टीवर एक अंक वर गेला की सुटणारी ऊर्जा सुमारे ३२ पटींनी वाढते.

एखाद्या ठिकाणी जमीन प्रत्यक्ष किती हलली, माणसांना काय जाणवले, घरांचे काय झाले, याचा आकडा म्हणजे तीव्रता. ती गावागणिक बदलते. नदीकाठच्या गाळावरच्या वस्तीत आणि खडकावरच्या टोल्यातही वेगळी निघते. मराठी वर्तमानपत्रे मात्र "५.३ रिश्टर तीव्रतेचा भूकंप" असे लिहून दोन्ही गोष्टींची खिचडी करतात. चूक शब्दाची आहे, पण तिचा परिणाम मोठा होतो. यंत्राने आकडा दिला, आता माणसाला विचारायचे काही उरले नाही, असे वाटू लागते. तीव्रतेचा सगळा इतिहास तर माणसाला विचारण्याचाच इतिहास आहे.

तड्यांवरून वाचलेला भूकंप

१६ डिसेंबर १८५७ रोजी इटलीत, नेपल्सच्या राज्यात मोठा भूकंप झाला. रॉबर्ट मॅलेट नावाचा आयरिश अभियंता पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला तिथे पोचला. त्याने पडक्या गावांतून फिरून भिंतींना गेलेल्या तड्यांची दिशा मोजली, पडलेले खांब कुठल्या बाजूला किती अंतरावर पडले ते टिपले, फोटो काढवून घेतले. सारख्या हानीची गावे रेषेने जोडून त्याने नकाशा केला. त्या रेषा आजही भूकंपाच्या नकाशांवर असतात.

यानंतर गरज होती ती पायऱ्या ठरवण्याची. इटलीत मिकेले दे रोस्सी आणि स्वित्झर्लंडमध्ये फ्रांस्वा फोरेल यांनी वेगवेगळे काम करून १८८३ मध्ये दहा पायऱ्यांची एक पट्टी मिळून पुढे आणली. जुझेप्पे मेर्काल्ली या धर्मगुरूने १९०२ मध्ये ती सुधारली. कान्कानीने पायऱ्या बारा केल्या, झीबर्गने त्यांची वर्णने भरली, आणि १९३१ मध्ये अमेरिकेत वुड आणि न्यूमन यांनी तिला 'सुधारित मेर्काल्ली' हे रूप दिले. मेदवेदेव, श्पॉनहॉयर आणि कारनिक यांची १९६४ ची पट्टी भारतातही वापरात आली. तिला एमएसके म्हणतात.

या पट्ट्यांत यंत्र नाही, माणूस आहे. घरात निवांत असलेल्या थोड्याच लोकांना हलका ट्रक गेल्यासारखे जाणवले तर तिसरी पायरी. घरात बहुतेकांना जाणवले, कपबश्या आणि खिडक्या खडखडल्या, जड ट्रक गेल्यासारखे वाटले तर चौथी. झोपलेले जागे झाले, टांगलेल्या वस्तू झुलल्या, भांड्यातले पाणी सांडले तर पाचवी. लोक घाबरून बाहेर पळाले, जड सामान सरकले तर सहावी. सातवीपासून पुढे घरे बोलू लागतात: तडे, पडझड, आणि शेवटी सर्वनाश.

भारतात ही पद्धत लवकर आली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी १८६९ च्या काचार भूकंपाचा अभ्यास मॅलेटच्या रीतीने केला. त्यांनी जमवलेली भारतातल्या भूकंपांची जंत्री त्यांच्या मृत्यूनंतर, १८८३ मध्ये, मुलगा रिचर्ड ओल्डहॅम याने छापून आणली. १२ जून १८९७ च्या आसामच्या महाभूकंपानंतर याच रिचर्डने देशभरातून माहिती मागवली. कुठे किती वाजता, किती वेळ, काय हलले, काय पडले, हे लोकांनी कळवले आणि त्यावरून नकाशा उभा राहिला.

अशा नकाशाला आणि जंत्रीला एक मर्यादा जन्मापासून चिकटलेली आहे. तिथे येते ती पत्र लिहिणाऱ्याची साक्ष. ज्या गावात टपाल नाही, तार नाही, छावणी नाही, इंग्रजी वर्तमानपत्राला कळवणारा कोणी नाही, ते गाव हलले तरी नकाशावर स्थिरच राहते. अहेरी जमीनदारीतल्या जंगलाची त्या काळातली अवस्था डोळ्यांपुढे आणा. मुलचेऱ्याने तर अजून रेल्वेही पाहिलेली नाही. आमच्या भागाच्या नकाशावरचा कोरेपणा हा जमिनीचा स्वभाव म्हणून वाचण्याआधी तो टपालाचा इतिहास म्हणून वाचला पाहिजे.

यंत्र काय सांगते आणि काय नाही

मग यंत्रे आल्यावर साक्षीची गरज संपली का? याचे उत्तर महाराष्ट्रातल्याच दोन भूकंपांत आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. सुमारे १८० माणसे गेली. धरणाच्या पोटातल्या गॅलरीत त्वरणमापक यंत्र बसवलेले होते. त्याने जमिनीचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट नोंदवले. भूकंपाच्या इतक्या जवळ अशी नोंद मिळणे त्या काळी जगात दुर्मीळ होते, आणि ती पुढे अनेक देशांतल्या धरण-अभियंत्यांनी अभ्यासली. यंत्र योग्य जागी असले की ते काय देऊ शकते याचा हा नमुना.

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी आणि आसपासची गावे कोसळली. महत्ता ६.२, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. मृत्यू मात्र दहा हजारांच्या घरात. हा फरक यंत्राच्या आकड्यातून समजत नाही, तो घरांकडे पाहिल्यावर समजतो. दगड-मातीच्या रुंद भिंती, आतून-बाहेरून दोन थर आणि मध्ये गोट्यांची भर, दोन्ही थरांना बांधून धरणारे आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर उन्हापासून वाचवणारे मातीचे जड माळवद. भिंती फुगून फुटल्या आणि माळवद झोपलेल्यांवर आले. त्याच गावांत गवताने शाकारलेल्या हलक्या झोपड्या आणि लाकडी खांबांनी पेललेली काही घरे तगली. जमीन सगळ्यांखाली सारखीच हलली होती.

किल्लारीचा भाग तोवर देशाच्या भूकंप-नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. नंतर, २००२ साली भारतीय मानक १८९३ या संहितेची सुधारित आवृत्ती आली तेव्हा तो सर्वांत खालचा विभागच रद्द झाला आणि किल्लारी तिसऱ्या विभागात गेली. हे विभाग पट्टीच्या पायऱ्यांशीच जोडलेले होते: दुसऱ्या विभागात एमएसकेची सहावी पायरी वा त्याहून कमी, तिसऱ्यात सातवी, चौथ्यात आठवी, पाचव्यात नववी आणि वर. म्हणजे घर किती मजबूत बांधायचे हे ठरवणारा नकाशाही शेवटी मेर्काल्ली आणि मॅलेट यांनी विचारलेल्या प्रश्नांवर उभा आहे.

वहीतल्या नोंदी

डिसेंबरच्या त्या आठवड्यात मी वही घेऊन निघालो. प्रश्न साधे ठेवले. तुम्ही कुठे होता? बसलेले, उभे की चालते? आधी काय कळले? काय हलले? काय पडले?

धानाचे दिवस होते. पहाटेच शेतावर पुंजण्याकडे गेलेल्या माणसांना बहुतेक काही कळलेच नव्हते. ट्रॅक्टरवर असलेल्याने तर मला वेड्यात काढले. घरात खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्यांनी मात्र नेमके सांगितले. यात नवल नाही. स्वस्थ पडलेल्या शरीराला गुरुत्वाकर्षणाच्या हजाराव्या भागाएवढी हालचालही कळू शकते. चालत्या माणसाची स्वतःचीच हालचाल त्याहून मोठी असते. म्हणून 'काही नाही जाणवले' हे उत्तरही लिहून घ्यायचे असते, आणि देणारा काय करत होता तेही.

एक आजी म्हणाल्या, "मले वाटलं, माकडं आली जी कवेलूवर." हे वाक्य मी चौकटीत लिहून ठेवले. पट्टीत कपबश्या आणि खिडक्यांची तावदाने आहेत. आमच्या कुडाच्या घरांत तावदाने नसतात. पण सुटी रचलेली कवेलू असतात, आणि ती हलली की सगळे घर वाजते. कपबश्यांच्या खडखडाटाला आमच्या बाजूचा शब्द 'माकडं आल्यागत' हा आहे. तसेच झुंबराच्या जागी शिंके आणि तांब्यातले पाणी सांडण्याच्या जागी गुंड. पट्टी बदलायची नाही, तिचे प्रश्न आपल्या घरात आणायचे आहेत.

दुसरी एक बाई गोठ्याशी होती. आधी पायाखाली बारीक थरथर झाली, ती घाबरली, खुंट्याचा दोर सोडून शेळी घेऊन दारापर्यंत आली, आणि तेवढ्यात मोठा झोका बसला. तिच्या लेखी भूकंप दोनदा झाला. खरे तर तो एकच होता. भूकंपाच्या पहिल्या लहरी वेगाने येतात आणि पुढे-मागे ढकलतात. दुसऱ्या सावकाश येतात आणि आडवे हलवतात. या दोन लहरींमधला प्रत्येक सेकंद म्हणजे ढोबळ मानाने आठ किलोमीटर अंतर. मी तिला दोर सोडून दारापर्यंत पुन्हा चालायला सांगितले. सोळा सेकंद लागले. सोळा आठे एकशे अठ्ठावीस. मुलुगूचे अंतर शेळी सोडणाऱ्या बाईच्या चालण्यात होते. एका साक्षीवर भिस्त ठेवता येत नाही हे मला कळते. पण ओसरीवर बसून मलाही तसाच थांबा जाणवला होता.

तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वस्त्या आहेत. तिथल्या एका घरी पहिला झोका बसताच शंख फुंकला गेला होता. बंगालमध्ये भूकंपाच्या वेळी शंख फुंकण्याची आणि उलुध्वनी करण्याची जुनी रीत आहे. १८९७ आणि १९५० चे आसामचे भूकंप तिकडच्या पिढ्यांनी ऐकलेले-भोगलेले. त्या घरातल्या काकूंना क्षणात ओळख पटली की हा 'भूमिकम्पो' आहे. तेवढ्याच अंतरावरच्या दुसऱ्या वस्तीत लोकांना खाणीतला सुरुंग वाटला, ट्रक वाटला, माकडे वाटली. जमीन तीच, हादरा तोच. ज्यांच्याकडे आठवण होती त्यांनी त्याला नाव दिले.

या सगळ्यावरून मी मुलचेऱ्याची पायरी चौथी धरतो, काही घरांत तिसरी. कोणाची भिंत पडली असे मला आढळले नाही. केंद्र ४० किलोमीटर खोल असल्याने हादरा हैदराबादपासून नागपूरपर्यंत पसरला, आणि कुठेच किल्लारीसारखा एकवटला नाही. द्वीपकल्पाचा जुना, कठीण खडक लहरी दूरवर नेतो, हेही त्याचे एक कारण.

मोहफुलांच्या दिवसांत

हा भूकंप अवचित नव्हता. चंद्रपूरच्या कोळसाखाणींपासून आग्नेयेला प्राणहिता आणि गोदावरीच्या काठाने समुद्राकडे जाणारा एक खचलेला पट्टा आहे. दोन्ही बाजूंना अतिप्राचीन कठीण खडक, मध्ये कोट्यवधी वर्षांपूर्वी खचलेली आणि गाळाने भरलेली दरी. तिथेच कोळसा सापडतो, आणि सिरोंचा तालुक्यात डायनोसॉरची हाडेही तिथेच सापडली. विल्यम किंग यांनी या खोऱ्याचे भूवर्णन १८८१ मध्येच छापले होते. दरीच्या कडांवरचे जुने भ्रंश अधूनमधून सरकतात. १३ एप्रिल १९६९ रोजी रात्री ८ वाजून ५४ मिनिटांनी भद्राचलमजवळ असाच भूकंप झाला. त्याची महत्ता वेगवेगळ्या अभ्यासांत ५.३ ते ५.७ दिली जाते.

तेव्हा आमच्या भागात काय जाणवले? एका सरकारी कार्यालयात जुनी कागदपत्रे असतील म्हणून विचारायला गेलो. तिथल्या बाबूंनी चांगुलपणाने चहा दिला आणि म्हणाले, "असं काही आपल्याकडे होतच नाही हो." नंतर एका गावात ऐंशीच्या पुढच्या एका बाबांना गाठले. त्यांना आठवत होते. मोहफुलांचे दिवस होते, रात्री जेवायला बसलो होतो, आणि ताटली सरकली. कोणत्या साली? ते हसले. "साल कोण लिहून ठेवतं जी?"

मोहफुलांचे दिवस म्हणजे मार्च-एप्रिल, आणि नऊची वेळ म्हणजे जेवणाची. १९६९ ला हे जुळते. पण जुळते म्हणून मी ते १९६९ चे लिहू शकत नाही. साल नसलेली आठवण कोणत्याही भूकंपाला चिकटवता येते, म्हणून ती पुरावा होत नाही. पंचावन्न वर्षांपूर्वी कोणी वही घेऊन बाबांकडे गेला असता तर सरकलेली ताटली नकाशावर एक ठिपका झाली असती. आता ती गोष्ट झाली आहे. "आपल्याकडे होतच नाही" हे वाक्य अशाच न लिहिलेल्या ताटल्यांतून तयार होते.

या वाक्याची किंमत पुढे मोजावी लागू शकते. आमच्याकडचे जुने घर म्हणजे लाकडी खांब, बांबूचा विणलेला कुड, त्यावर माती-शेणाचा लेप. एमएसकेच्या वर्गवारीत घरांचे तीन गट आहेत: 'अ'मध्ये अनघड दगड आणि मातीची ग्रामीण घरे, 'ब'मध्ये विटांची, 'क'मध्ये सळईच्या काँक्रीटची आणि चांगल्या बांधणीची लाकडी. कागदावर कुडाचे घर मातीचे, म्हणून सर्वांत कमकुवत 'अ' गटात जाईल. हलण्याच्या बाबतीत मात्र ते लाकडी घरासारखे वागते: हलके असते, वाकते, लेप झडतो, पण माणसावर कोसळत नाही. गेल्या वीस वर्षांत कुड जाऊन विटा आल्या. पावसाला, वाळवीला, सापाला कंटाळलेल्या माणसाला पक्के घर हवे असते आणि ते त्याला मिळालेच पाहिजे. पण चार भिंतींना दारा-खिडक्यांच्या वर एकत्र बांधणारा सळई-काँक्रीटचा सलग पट्टा नसेल, तर ते पक्के घर पावसापुरतेच पक्के. किल्लारीनंतर नव्या बांधकामात या पट्ट्यावर भर दिला गेला. 'आपल्याकडे होतच नाही' असे मानणाऱ्या गावात गवंड्याला तो पट्टा घालायला कोण सांगणार? पुढच्या वेळी जमीन २०२४ इतकीच हलली तर फार काही बिघडणार नाही. केंद्र जवळ आणि उथळ असले तर मात्र त्या पट्ट्याने फरक पडेल.

आता राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राकडे मोबाइलवरूनही आपला अनुभव कळवता येतो. अमेरिकेत अशा लोकसाक्षींवरून काही मिनिटांत नकाशे तयार होतात. मॅलेटला जे काम पायी करावे लागले ते आता अंगठ्याने होते. पण रेंज असेल तिथे. आमच्या अर्ध्या तालुक्यात ती लागत नाही, आणि नकाशावर तो भाग पुन्हा कोरा राहण्याची भीती आहे. म्हणून मी दुकानात एक वही ठेवली आहे. जमीन हलल्यासारखे वाटले तर यावे आणि सांगावे: तारीख, वेळ, गाव, बसला होता की चालत होता, घर कुडाचे की विटांचे, काय वाजले, काय पडले. पहिल्या पानावर माझी स्वतःची नोंद आहे. तिच्याखाली आजींची माकडे आहेत, तारखेसह.